टॉवेल ३०×६० चा, तक्त्यावर ६०×३०: ड्रॉ डॉट आयओमध्ये आठ महिने अरबी

मला अरबी येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी कहाणी त्यातूनच घडली आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी निर्यातीचे कागद बघतो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आणि ‘तुला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणत टेबलावर आणून टाकलेलं बाकी सगळं. गेल्या वर्षी आखातातल्या एका गिऱ्हाइकाने हॉटेलांसाठी माल उचलला आणि त्यासोबत धुलाईचा तक्ता मागितला: माल वेगळा करा, धुवा, पिळा, सुकवा, घडी घाला, शेजारी मापं आणि तापमान. इंग्रजीत एक, अरबीत एक. अरबी मजकूर त्यांनीच पाठवला. मी फक्त चौकटी काढायच्या, बाण जोडायचे आणि मजकूर चिकटवायचा. ‘दुपारपर्यंत देतो’ असं मी साहेबांना बोलून बसलो. तीन आठवडे लागले.

पहिला प्रयत्न छपाईवाल्याकडच्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये केला. मजकूर चिकटवला तर सगळी अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने. म्हणजे ‘सोलापूर’ लिहावं आणि ‘र पू ला सो’ उमटावं, तसं. मला कळलंच नाही, दिसायला छानच होतं! कळलं ते आपांमुळे. आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या निवृत्त शिक्षिका, सगळी गल्ली त्यांना आपा म्हणते. कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “ये क्या है रे बाबा? हुरूफ बिखरे पड़े हैं.”

अरबी अक्षर शब्दात कुठे येतं त्यावर त्याचा आकार ठरतो. एकटं, सुरुवातीला, मध्ये, शेवटी, असे चार आकार. अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े, वाव ही सहा अक्षरं मात्र पुढच्याशी हात जोडत नाहीत. हे आकार निवडायचं काम सॉफ्टवेअरचं. ते जमलं नाही की अक्षरं सुटी पडतात. जुन्या प्रोग्रामात युनिकोड मराठी चिकटवल्यावर जोडाक्षरांचे पाय मोडून पडलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा आजार ओळखीचा वाटेल. आजार एकच आहे, रोगी वेगळा.

मग ड्रॉ डॉट आयओ या तक्ते काढायच्या सॉफ्टवेअरकडे आलो, मध्यंतरी ज्याला डायग्राम्स डॉट नेट म्हणत होते ते. फुकट आहे, डेस्कटॉपवर उतरवून इंटरनेटशिवाय चालतं, कारखान्यात हे महत्त्वाचं. अक्षरं जोडण्याच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून आजपर्यंत त्याने मला एकदाही दगा दिलेला नाही. कारण साधं आहे: ते ब्राउझरवर उभं आहे, डेस्कटॉप आवृत्तीच्या पोटातही क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचाच गाभा आहे, आणि क्रोमियममध्ये अक्षरं घडवण्याचं काम हार्फबझ नावाची यंत्रणा करते. आपली मराठी जोडाक्षरं तीच जुळवते. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ओपनटाइप या फॉन्टच्या पद्धतीच्या नावाचं फारसी भाषांतर करून टाकलंय पठ्ठ्यांनी.

आता दिशेचं. माझी पहिली मोठी चूक अशी की मजकूर उजवीकडे सरकवला म्हणजे तो उजवीकडून डावीकडे झाला, असं मी धरून चाललो. दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. उजवीकडे सरकवणं म्हणजे टॉवेल कपाटाच्या उजव्या कप्प्यात ठेवणं. दिशा बदलणं म्हणजे तो कुठल्या टोकाकडून उलगडायचा ते सांगणं. ड्रॉ डॉट आयओत चौकट निवडली की उजवीकडच्या पट्टीत टेक्स्ट टॅबमध्ये ‘रायटिंग डायरेक्शन’ सापडतं. आपोआप, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खरं बटण ते. सरकवण्याची बटणं त्याच टॅबमध्ये आहेत आणि पटकन दिसतात ती तीच, म्हणून माणूस फसतो.

‘आपोआप’वर ठेवून विसरून जा, असा सल्ला मला एकाने दिला होता. तो पाळू नका. आपोआप म्हणजे सॉफ्टवेअर मजकुरातलं पहिलं ठाम दिशेचं अक्षर बघतं. ते अरबी असेल तर सगळी चौकट अरबी चालीने, इंग्रजी असेल तर इंग्रजी चालीने. आमच्या निम्म्या चौकटींची सुरुवात मालाच्या कोडने होते, आणि कोड इंग्रजी अक्षरांत. मग त्या चौकटींत पूर्णविराम भलत्या टोकाला, कंस संपायच्या जागी सुरू झालेला. आता मी एका चौकटीला उजवीकडून डावीकडे दिशा देतो, तिची शैली ‘डिफॉल्ट’ करून टाकतो आणि मगच काम सुरू करतो. बाणांवरच्या मजकुराला ते आपोआप लागू होत नाही, बाणाची डिफॉल्ट शैली वेगळी ठरवावी लागते. मला हे कळायला दोन महिने गेले.

थोडं आत जाऊन सांगतो, कारण हे समजल्यावर माझी भीती गेली. मजकूर साठवला जातो तो बोलण्याच्या क्रमाने, आणि दाखवला जातो डोळ्यांच्या क्रमाने. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटीचं तेच आहे. ‘कि’ टाइप करताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी येऊन बसते. आपण त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाही. अरबीत हा खेळ अख्ख्या ओळीचा होतो. मजकुरात इंग्रजी शब्द किंवा आकडे घुसले की ओळीतला तेवढा तुकडा डावीकडून उजवीकडे आणि बाकीची ओळ उलट. कुठला तुकडा कुठे जाणार, याचे युनिकोडने ठरवलेले नियम आहेत. सॉफ्टवेअर ते पाळतं. अडचण अशी की नियम काटेकोर पाळूनही चुकीचा टॉवेल उमटू शकतो.

तर तो टॉवेल. बाथ टॉवेल ३०×६० इंच. अरबी तक्त्यावर तो ६०×३० झाला. आकडे सुटे बघितले तर बरोबर, साठ तो साठच आणि तीस तो तीसच, फक्त जागा बदललेल्या. मला अजिबात दिसलं नाही. पॅकिंगमधल्या एकाने भिंतीवरचा नमुना बघून विचारलं, “का बे, आडवे टॉवेल विणलालेत काय आता?” तेव्हा ट्यूब पेटली.

कारण असं निघालं. अरबी ओळीत आपल्या सवयीचे इंग्रजी आकडे आले तर प्रत्येक आकडा आतून डावीकडून उजवीकडेच वाचला जातो. पण दोन आकड्यांमधल्या गुणाकाराच्या चिन्हाला स्वतःची दिशा नसते. ते भोवतालच्या अरबी वाऱ्याबरोबर वाहत जातं, आणि दोन्ही आकडे त्याच्या दोन बाजूंना उलट क्रमाने बसतात. चिन्हाऐवजी इंग्रजी एक्स वापरला आणि मोकळी जागा सोडली नाही, तर माप शाबूत राहतं, कारण एक्स हे ठामपणे डावीकडून उजवीकडे चालणारं अक्षर आहे. त्याच एक्सच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली की पुन्हा घोळ. तारखांचंही असंच. अरबी शब्दानंतर दिवस-महिना-वर्ष असं आडव्या छोट्या रेघेने लिहिलं तर वर्ष डाव्या टोकाला जाऊन बसतं. तिरकी रेघ वापरली तर क्रम टिकतो. मी ताळा करून पाहिलं, दरवेळी हेच.

यातली गंमत अशी की आपले मराठी आकडे घातले तर काहीच उलटत नाही. युनिकोडने देवनागरी आकड्यांना अक्षरांसारखीच ठाम दिशा दिली आहे. दुर्दैवाने आखातातल्या लाँड्रीत ३० आणि ६० देवनागरीत वाचणारा कोण सापडणार?

उपाय म्हणजे एक न दिसणारं अक्षर, ‘डावीकडून उजवीकडे’ या दिशेची खूण. आकड्यांच्या आधी ते एकदा टाकलं की माप सरळ उभं राहतं. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये उजवी क्लिक करून युनिकोडची नियंत्रण अक्षरं घालता येतात. मी तिथे एक फाइल करून ठेवली आहे. तिच्यात एका ओळीत फक्त ती खूण आहे, म्हणजे उघडली तर रिकामीच दिसते. एकदा कोणीतरी ‘रिकामी फाइल’ म्हणून ती उडवली होती. २०१३ मध्ये युनिकोडच्या ६.३ आवृत्तीत मजकुराचा तुकडा वेगळा बांधून ठेवणारी आणखी नीटस अक्षरं आली, पण माझं काम या एका खुणेवर भागतं.

आकड्यांवरून माझी स्वतःची फजिती सांगायलाच हवी. गिऱ्हाइकाच्या मजकुरात काही ठिकाणी अरबी आकडे होते. अरबी पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि अरबी सहा दिसतो इंग्रजी सातसारखा. एका चौकटीत ६५ अंश लिहिलेलं, मी ते ७० वाचलं आणि इंग्रजी तक्त्यातही ‘दुरुस्त’ करून ७० केलं. गिऱ्हाइकाकडून एका ओळीची मेल आली: आमचे आकडे आमच्यावर सोडा. त्यानंतर मी सगळ्या तक्त्यांत एकाच प्रकारचे आकडे ठेवायचे, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं.

बाणांबद्दल फार काही नाही. अरबी वाचणाऱ्याची नजर उजव्या कोपऱ्यातून सुरू होते, तर पहिली चौकट उजवीकडे हवी आणि बाण डावीकडे जायला हवेत. मी सुरुवातीला इंग्रजी तक्ता तसाच ठेवून फक्त मजकूर बदलला होता. तेव्हा त्या क्रमाने वाचणारा आधी टॉवेलची घडी घालणार आणि मग धुणार! चौकटी हाताने हलवल्या. आता साधे तक्ते मी मर्मेडच्या, म्हणजे शब्दांत लिहिलेल्या सूचनांवरून तक्ता काढणाऱ्या भाषेच्या, मजकुरातून घेतो. ड्रॉ डॉट आयओत तो घालता येतो, आणि तिथे ‘एलआर’ऐवजी ‘आरएल’ लिहिलं की अख्खा प्रवाह उजवीकडून सुरू होतो. घड्याळ, बरोबरची खूण, कंपनीचा लोगो मात्र आरशात धरायचे नाहीत.

फाइल बाहेर काढताना एक खड्डा आहे. ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ या पर्यायावर टिक असताना एसव्हीजी, म्हणजे रेघा-आकारांच्या रूपात साठवलेली चित्राची फाइल, काढली तर मजकूर वेब पानाच्या तुकड्यासारखा साठवला जातो. ब्राउझरमध्ये उत्तम, पण इंकस्केपसारख्या प्रोग्राममध्ये उघडल्यावर अक्षरांऐवजी ‘मजकूर दाखवता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना. ती टिक काढून टाकली की खरा एसव्हीजी मजकूर मिळतो, पण मग चौकटीत ओळी आपोआप मोडत नाहीत. छपाईसाठी मी सरळ पीडीएफ देतो. फॉन्ट नोटो नस्ख अरेबिक ठरवून टाकलाय. न ठरवता सोडलं तर प्रत्येक संगणक आपल्या पसंतीचा फॉन्ट घालतो आणि चौकटीतला मजकूर बाहेर लोंबतो.

टाइप करण्याचं सुख मात्र नाही. कर्सर एका बाजूला दिसतो, अक्षर दुसऱ्या बाजूला उमटतं, मिश्र ओळीत तीन शब्द निवडायला गेलं तर निवड मधूनच तुटते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे असंच होतं, कारण साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा. मी चौकटीत टाइप करणं सोडलं, बाहेर लिहून चिकटवतो.

कारखान्याचं काम मार्गी लागल्यावर आपांनी हक्काने शाळेचं काम दिलं: उर्दूत जलचक्राचा तक्ता. मला वाटलं, आता काय, लिपी तीच. लिपी तीच, पण घर वेगळं. अरबीचा ‘काफ’ आणि उर्दूचा ‘काफ’ युनिकोडमध्ये दोन निराळी अक्षरं आहेत, ‘ये’चंही तसंच. अरबी कीबोर्डने उर्दू लिहिलं तर वाचता येतं, पण शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही. आकड्यांत चारचा आकारसुद्धा बदलतो. आणि नस्ख फॉन्टमधला उर्दू तक्ता बघून आपांनी जे तोंड केलं ते इथे लिहिता येणार नाही. उर्दू वाचणाऱ्यांना नस्तालीक हवी, उजवीकडून डावीकडे उतरत जाणारी. नोटो नस्तालीक उर्दू घातला. देखणा आहे, पण प्रत्येक शब्द जिना उतरावा तसा खाली येतो, त्यामुळे ओळीला उंची लागते. माझ्या चौकटींत वरचे नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, कापले गेले. आता उर्दूसाठी चौकट जवळपास दुप्पट उंच करतो आणि ओळींमधलं अंतर वाढवतो.

शीर्षक रुंद दिसावं म्हणून मी अक्षरांमधलं अंतरही वाढवलं होतं. हे अरबी लिपीत करू नये, जोड तुटतात. तिथे शब्द ताणायचा तर अक्षरांमधली रेघ लांबवतात, तिला कशीदा म्हणतात. आपा हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवर भरतकामाची कडी होती. आपला कशिदा तो हाच फारसी शब्द, ओढलेला, ताणलेला. सुईदोऱ्याच्या गावात राहून मला हे चाळिशीत कळलं.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू पाट्या एकाच रस्त्यावर दिसणाऱ्या सोलापुरात डीटीपीवाल्यांना हे काम अधूनमधून येतंच. त्यांच्यासाठी माझं मत: अधूनमधून तक्ता लागत असेल तर ड्रॉ डॉट आयओ पुरेसं आहे, त्यावर एक पैसा खर्च करू नका. रोजचं काम असेल, मोठी पुस्तकं, पोस्टर, तर हे हत्यार तुमचं नाही. आणि लिपी वाचणारं माणूस शेजारी नसेल तर कामच घेऊ नका. आपा वाचतात त्याही अक्षरांपुरत्या. आखाती व्यापारी अरबीचा अर्थ लावणं त्यांचंही काम नाही, ते गिऱ्हाइकाकडूनच तपासून घ्यावं लागतं.

जलचक्र शाळेच्या भिंतीवर लागलं आहे. बाष्पीभवन उजवीकडे, पाऊस डावीकडे. चौथीतल्या एका पोराने आपांना विचारलं म्हणे, की विज्ञानाच्या पुस्तकातल्या चित्रात ढग उलट दिशेला का जातो. त्यावर आता शाळेत वाद चालू आहे, आणि मला ढग परत फिरवायचा निरोप आलेला आहे.