नव्या पत्र्याचे पैसे घेतले, आत निघाला पेपर

घरात जुनी पद्मिनी, फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल, तिचा पत्रा खालून गंजायला लागला असेल आणि कुणीतरी ‘सर, एकदम नवी करून देतो’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे 1,85,000 रुपये गेले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण फसवायची ही पद्धत एकाच गॅरेजची नाही, हे आता बऱ्याच जणांशी बोलून कळलंय.

गाडी बाबांची. 1986 ची प्रीमियर पद्मिनी, फिकट निळी, गिअर हँडलवर, म्हणजे स्टिअरिंगजवळ. बरीच वर्षं रत्नागिरीत, एका बाजूने उघड्या असलेल्या शेडमध्ये उभी होती. इंजिनाची तक्रार नव्हती. 1089 सीसीचं ते साधंसुधं इंजिन आजही अर्ध्या सेल्फमध्ये चालू होतं. पत्रा मात्र खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने खाल्ला होता. पुढच्या चाकांमागे फेंडरवर फोड, दरवाजांच्या खालच्या कडा जाळीदार, ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट उचललं की रस्ता दिसायचा, आणि दोन्ही बाजूंना दरवाजाखालून लांब जाणारी जी पट्टी असते, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, ती हाताने दाबली तर कुरकुरायची.

या पट्टीचं महत्त्व आधी सांगतो, कारण सगळी लबाडी तिथेच झाली. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. इटलीत 1953 मध्ये आलेली फियाट 1100 चासीशिवायच बनवली होती आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी तिच्याच घराण्यातली. तळाचा पत्रा, या दोन पोकळ पट्ट्या, दरवाजांमधले खांब आणि टप मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. फेंडर सडला तर गाडी वाईट दिसते. पट्टी सडली तर गाडी मधून खचते, दरवाजे लागेनासे होतात, आणि बाजूने कुणी धडकलं तर आतल्या माणसाच्या आणि धडकेच्या मध्ये काहीच उरत नाही. त्यात ती गंजते आतून. चाकाने उडवलेला चिखल फेंडरमागे साठतो, काचेच्या जुन्या रबरातून पाणी झिरपतं, खालची निचऱ्याची भोकं मातीने बुजतात, की पोकळीत ओल कायमची. बाहेर रंगाचा फोड दिसतो तोपर्यंत आत बहुतेक पत्रा गेलेला असतो.

गॅरेज पुण्याबाहेर, हायवेला लागून. मालक गोड बोलणारा. एक चकचकीत काँटेसा दाखवली, बॉनेट उघडून दाखवलं, चहा पाजला. ‘पुट्टीचं काम आमच्याकडे होतच नाही’ हे वाक्य तर त्याने बाबांसमोरही म्हटलं. पुट्टी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायचा लगदा. ठरलं असं: सडलेला पत्रा कापायचा, 20 गेजचा सीआरसी पत्रा (गाडीच्या बॉडीचा पोलादी पत्रा) बनवून सीओटू वेल्डिंगने जोडायचा, दोन्ही पट्ट्या आणि तळ नवे, डावीकडचा पुढचा दरवाजा बदलायचा, वर एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग. हे सगळं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं. तो मेसेज पुढे फार कामाला आला.

दरवाजाबद्दल तो म्हणाला, ‘मुंबईच्या टॅक्सी भंगारात गेल्या ना, त्यांचे ओरिजनल पार्ट आहेत माझ्याकडे.’ हे ऐकायला फार बरं वाटतं. खरी गोष्ट एवढीच की पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. म्हणजे तो पत्रा वीस वर्षं मुंबईच्या हवेत आणि तुंबलेल्या पाण्यात धावलेला. काचेच्या वरचा भाग, हँडल, बिजागऱ्या चांगल्या मिळू शकतात. खालची कड मात्र आपल्या गाडीइतकीच गेलेली असणार. आमच्या ‘नव्या’ दरवाजाची आतली बाजू नंतर खरवडली तेव्हा निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली काळा, आणि खालची सहा इंच सगळी पुट्टी.

काम चालू असताना फोटो येत होते. कापलेला तळ, वेल्डिंगच्या ठिणग्या, नवा कोरा पत्रा. गॅरेजला जाऊन बघतो म्हटलं की ‘आज रंगाच्या बूथमध्ये आहे, धूळ चालत नाही’ असं उत्तर. शेवटी गाडी मिळाली तेव्हा ती खरंच सुंदर दिसत होती, नाकारण्यात अर्थ नाही. खालून जाड काळं अंडरकोटिंग मारलेलं, इतकं जाड की बोटाचा ठसा उमटावा. मी लोहचुंबक घेऊन गेलो होतो. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. पट्टीवर चार ठिकाणी लावून बघितला. टक्कन चिकटला. उरलेले पैसे दिले.

त्या चुंबकाचं रहस्य कळलं पाटणच्या अलीकडे. गाडी बाबांना दाखवायला रत्नागिरीला निघालो होतो. टायर पंक्चर झाला. पट्टीजवळ जॅक लावायच्या जागी जॅक लावला, हँडल फिरवत गेलो, आणि गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच आत जायला लागला. आधी रंगाला तडा, मग पापुद्रा सुटला, मग मूठभर गुलाबी चुरा पायावर पडला. मागच्या अ‍ॅक्सलखाली जॅक घेऊन कसंबसं चाक बदललं आणि घाटात न जाता तिथूनच मागे फिरलो.

पुण्यात एक म्हातारे डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. पेचकसाची मूठ घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ठोकत गेले. पत्र्याचा आवाज कुठेच येईना, सगळीकडे भद्द. मग म्हणाले, ‘साब, इसमें गाडी कम और पुट्टी जास्ती है.’

त्यांनी माझ्यासमोर पट्टी उघडली. सगळ्यात वर रंग. त्याखाली पुट्टीचा पातळ थर. त्याखाली, आणि चुंबक चिकटला तो यालाच, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा, पॉप रिव्हेट मारून बसवलेला. 20 गेजचा पत्रा साधारण 0.9 मिलिमीटर जाड असतो. हा जेमतेम 0.3. आतल्या बाजूला डब्यावरची छपाई शाबूत होती, अर्धं सूर्यफूल. डब्याच्या मागे जुना सडका पत्रा तसाच, न खरवडलेला. जिथे तोही उरला नव्हता तिथे, जॅक शिरला त्या जागी, पोकळीत पेपरचे बोळे कोंबून त्यावर फायबर मॅट आणि रेझिन थापलेलं, आणि वर पुट्टी. पेपर ओला होता. म्हणजे गंजाला आम्ही पैसे देऊन ओली उशी शिवून दिली होती. तळाचंही तेच, वरून मॅट, खालून डांबरासारखं कोटिंग, मध्ये फायबर.

गॅरेजवाल्याने काम चालू असताना पाठवलेले फोटो चाचांना दाखवले. त्यांनी एक फोटो मोठा केला आणि तळाच्या मधल्या उंचवट्यावर बोट ठेवलं. तिथे गिअरच्या दांड्याचं भोक होतं. आमच्या गाडीचा गिअर हँडलवर. खाली गिअर आला तो अगदी शेवटच्या पद्मिन्यांत. फोटो दुसऱ्याच गाडीचे होते.

गॅरेजवाल्याला फोन केला. आवाज तोच गोड. ‘सर, ते आधीच्या कुणीतरी केलेलं काम असणार, आम्ही जे सांगितलं तेवढंच केलं.’ हे उत्तर तो रोज देत असणार, इतक्या सराईतपणे आलं. पण पेपरच्या बोळ्यांत एक जाहिरातींची पुरवणी होती. दसऱ्याची ऑफर, आणि खाली तारीख. त्या दसऱ्याला गाडी त्याच्याच आवारात उभी होती. पुरवणीचा फोटो पाठवल्यावर त्याने आधी मला ब्लॉक केलं, आणि वकिलाची नोटीस गेल्यावर स्वतःहून फोन करून 40,000 परत देऊ केले, ‘तक्रार करू नका’ या अटीवर. घेतले नाहीत.

पुट्टी म्हणजे पाप नव्हे. चांगल्या वेल्डिंगवरही दोन-तीन मिलिमीटर लागतेच. वाईट तेव्हा होतं जेव्हा ती पत्र्याऐवजी वापरतात. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, खाली गंज जिवंत असेल तर तो फुगत जातो, आणि दोन पावसाळ्यांत फोड वर येतो. तोपर्यंत गॅरेजवाला ‘सहा महिन्यांची गॅरंटी होती’ म्हणायला मोकळा.

चाचांचं म्हणणं, आणि आता माझंही, की पैशांचे टप्पे कामाच्या दिवसांवर ठरवायचे नाहीत, पत्र्यावर ठरवायचे. सडलेला भाग कापला, आत हात घालून चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते दाखवलं, की एक हप्ता. नवा पत्रा जोडला, प्रायमर अजून लागलेला नाही, वेल्डिंगच्या रेघा उघड्या दिसताहेत, की दुसरा. ती रेघ स्वतः जाऊन बघायची, गाडीचा नंबर फोटोत येईल असा फोटो स्वतः काढायचा. प्रायमर लागला की सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. जो डेंटर उघडा पत्रा दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून गाडी त्याच दिवशी उचलून आणा, टो करावी लागली तरी चालेल. कापलेले सडके तुकडेही मागा. ज्याने खरंच कापलंय त्याच्याकडे ते असतातच.

गाडी रंगून आल्यावरही थोडं कळतं. पट्टीच्या अगदी खाली, जिथे दोन पत्रे एकत्र येतात, त्या ओठावर कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे ठरावीक अंतराने असतात. नवी पट्टी बसवणारा चांगला माणूसही तिथे वेल्डिंगच्या खुणा ठेवतोच. ओठ साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असेल तर खाली काहीतरी लपवलंय. निचऱ्याची भोकं शोधा. बुजलेली असतील तर तिथेच थांबा. उघडी असतील तर मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घाला, हजार रुपयांच्या आत मिळतो. आणि पैसे द्यायच्या आधी गॅरेजमध्येच, त्यांच्याच माणसाकडून, पट्टीच्या जागी जॅक लावून गाडी उचलायला सांगा. उचललेली असताना दरवाजा उघडून लावून बघा. अडकला तर सांगाड्यात जीव नाही. पट्टी कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवी पाइप वेल्ड करून गाडी ताणून धरावी लागते, नाहीतर ती वाकते. हे तुमचा डेंटर करणार आहे का, एवढं विचारलं तरी समोरचा कोण आहे ते कळतं.

फसलाच असाल तर गाडी लगेच दुरुस्तीला घेऊ नका. आधी दुसऱ्या जाणकाराकडून उघडून घ्या, व्हिडिओ काढा, त्याच्याकडून लेखी घ्या की काय सापडलं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. सुरुवातीला 1915 या हेल्पलाइनवर बोललात तरी दिशा मिळते. आमचं बिल ‘डेंटिंग-पेंटिंग कंप्लीट’ एवढ्या एका ओळीचं होतं, पण कामाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर होती आणि पैसे खात्यातून गेले होते. त्या दोन गोष्टींवरच प्रकरण उभं आहे.

गाडी आता चाचांकडे आहे. उजवी पट्टी कापून नवी बसली, डावी उघडी आहे, तळाचा पत्रा चालू आहे. खर्च पहिल्यापेक्षा कमी येतोय, याचा राग वेगळाच.

आणि एक. त्या गॅरेजच्या स्टेटसवर आमच्या गाडीचा रंग झाल्यानंतरचा फोटो परवापर्यंत होता, ‘फुल रिस्टोरेशन, नो पुट्टी’ म्हणून. फिकट निळी पद्मिनी, पुढच्या काचेवर डावीकडे गणपतीचा छोटा स्टिकर. तुम्हाला कुणी तो फोटो आपलं काम म्हणून दाखवला, तर तिथून निघा.