पुढे बघून वल्हवायची जोड-वल्ही: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पुढे तोंड करून वल्हवता येणारी ही जोड-वल्ही घ्यावीत का, याचं ज्यांना एका ओळीत उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. अरुंद वळणावळणाचं पाणी, गर्दीचं पाणी किंवा आखडलेली मान, यातलं काही असेल तर घ्या. मोठा मोकळा तलाव आणि वेग हवा असेल तर साधी वल्हीच बरी, पैसे वाचवा. बाकीच्यांनी वाचा, जरा लांबलंय.

मी सिएटलजवळ रेडमंडला राहतो, इथे लेक सॅमॅमिश म्हणून साधारण 11 किलोमीटर लांबीचा तलाव आहे आणि त्यातून निघणारी त्याच नावाची नदी वुडिनव्हिल, बोथेल करत केनमोरला लेक वॉशिंग्टनला मिळते. बोट माझी 14 फुटी, फायबरग्लासची, व्हाइटहॉल म्हणतात तशा जुन्या पद्धतीच्या आकाराची, मधे फळीची फिक्स सीट. वल्हवायला शिकलो पुण्यात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या (सीओईपी) बोट क्लबवर, मुळा नदीत, जलपर्णी चुकवत. त्यामुळे पाठ पुढे आणि तोंड मागे हे अंगात भिनलेलं आहे आणि पंचवीस वर्षं त्याचा काही त्रास वाटला नव्हता. पन्नाशीत मान बोलायला लागली, फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सारखं खांद्यावरून मागे वळून बघणं बंद करा असं स्पष्ट सांगितलं, आणि मी हे प्रकरण शोधायला लागलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सेट सेकंड हँड घेतलाय आणि मला त्या कंपनीबद्दल नाही, या प्रकाराबद्दल बोलायचंय.

आता हे असतं काय. साधं वल्हं म्हणजे बोटीच्या कडेला एका खुंटीवर टेकवलेला दांडा, मूठ एकीकडे गेली की पातं दुसरीकडे. माणसाची ताकद ओढण्यात, पाठ आणि पाय लावून, म्हणून पातं मागे ढकलायचं तर तोंड मागे करून बसावं लागतं. आपल्याकडे कोकणात छोट्या होडीत हातात सुटं वल्हं धरून पुढे बघतच जातात, पण तिथे दांडा कुठे टेकवलेला नसतो, सगळा जोर हातावर. जोड-वल्ह्यात दांडाच मधे तोडलेला असतो. आतला तुकडा एका पिनवर, बाहेरचा दुसऱ्या पिनवर, आणि दोघांच्या मधे दातेरी चाकाचे दोन तुकडे एकमेकांत अडकवलेले (काहींमध्ये दात्यांऐवजी जोडदांडी असते). आता तुम्ही पुढे बघत मूठ छातीकडे ओढली की चाक उलटं फिरतं आणि बाहेरचं पातंही मागेच येतं, म्हणजे ओढ तीच, स्नायू तेच, फक्त तोंड पुढे. या दोन्ही पिना एकाच पाट्यावर बसवलेल्या असतात आणि तो अख्खा पाटा वर-खाली डुलतो, त्यामुळे मूठ खाली दाबली की पातं पाण्याबाहेर येतं, ही सवय जशीच्या तशी राहते.

ही काही आजची आयडिया नाही बरं का. कनेटिकट राज्यातल्या मिडलफील्डच्या विल्यम लायमनने 1870 च्या दशकात असल्या वल्ह्यांचं पेटंट घेतलं होतं, पुढे तो बंदुकीच्या नेम धरायच्या साइट बनवण्यासाठी प्रसिद्ध झाला. म्हणजे दीडशे वर्षं होत आली आणि तरी बोट क्लबवर हे दिसत नाही, याचं कारण नियमात आहे. जागतिक रोइंग फेडरेशनच्या व्याख्येतच वल्हं ही साधी तरफ असली पाहिजे आणि बसणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला पाहिजे असं लिहिलंय. शर्यतीचं सोडा, तिथे 2000 मीटर सरळ, दोन्ही बाजूंना खुणेचे तरंगते गोळे लावलेले, आपला चांदवडचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला 2016 मध्ये सिंगल स्कलमध्ये (एकटा माणूस, दोन वल्ही) उतरला तेव्हा त्याला लेनमध्ये समोरून कोणी आडवं येणार नव्हतं. आमच्या तलावात येतं.

सुरुवातीचे दिवस मजेशीर गेले. हाताचा गोंधळ होईल अशी भीती होती, तो अजिबात झाला नाही, कारण डाव्या हाताने ओढलं की बोटीचं नाक तुमच्या उजव्या हाताकडे जातं हे दोन्ही प्रकारात सारखंच आहे, नीट विचार केला की पटतं. गोंधळ झाला तो डोळ्यांचा. मागे तोंड करून वल्हवताना आपण मागचं एखादं झाड धरतो, बोटीचा पाण्यातला माग त्या झाडापासून सरळ निघतोय ना एवढं बघायचं की झालं. पुढे बघताना तो माग दिसतच नाही! समोर लांबचा धक्का दिसतोय, त्याकडेच चाललोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात बोट हळूच तिरकी होत असते. मला शेवटी बोटीच्या नाकाच्या टोकावर एक लाल टेप चिकटवावी लागली, ती आणि समोरचं काहीतरी एका रेषेत धरायचं. आता टेपशिवायही जमतं पण काढलेली नाही.

खरी मजा नदीत आहे. सॅमॅमिश नदी 1960 च्या दशकात पूर नको म्हणून खोल करून बरीचशी सरळ केली, तरी बोथेलच्या खाली वळणं आहेत, कडेने झाडं वाकलेली, काही पाण्यात आडवी पडलेली, मधेच पुलाचे खांब, त्यात पॅडलबोर्डवर उभी राहिलेली पोरं. आधी मी इथे जायचंच टाळायचो, दर चार स्ट्रोकला मान वळवा, परत वळवा, आणि तेवढ्यात फांदी टोपीला लागलेली असायची. आता वळण आलं की आतल्या बाजूचं पातं नुसतं पाण्यात धरून ठेवतो, बाहेरचं ओढतो, नाक कुठे फिरतंय ते डोळ्यासमोर असतं. एक राखाडी बगळा तिथे नेहमीच्या ओंडक्यावर असतो, त्याच्या इतक्या जवळून जाता येतं की त्याचा पिवळा डोळा कसा फिरतो ते दिसतं, पूर्वी तो मला फक्त उडून गेल्यावर दिसायचा. आणि अरुंद जागेत मूठ पूर्ण पुढे ढकलली की पातं बोटीच्या कडेला घडी घातल्यासारखं मिटतं. साधं वल्हं आत ओढून घ्यावं लागतं आणि मग त्याचा दांडा दुसऱ्याच्या पोटात. हा फायदा मला विकत घेताना कोणी सांगितलाच नव्हता.

उन्हाळ्यात तलावावर वेकबोर्डवाले (मोटरबोटीमागे फळीवर उभे राहून जाणारे) असतात, त्यांच्या बोटींच्या लाटा. आधी ती लाट आदळायची तेव्हाच कळायची, आता येताना दिसते, नाक तिच्याकडे वळवून घेता येतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा खर्च पुन्हा करेन. इथल्या लोकांना याचं महत्त्व चांगलं माहितीये, टॅकोमा ते पोर्ट टाउनसेंड अशी 70 मैलांची 48 तासांच्या आतली सेव्हन्टी48 नावाची एक शर्यत 2018 पासून होते, इंजिन नाही, शीड नाही, फक्त माणसाची ताकद, आणि संध्याकाळी सुरू होते म्हणजे रात्र पाण्यात काढायची. ती जिथून जाते त्या प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत अर्धे बुडालेले ओंडके तरंगत असतात, अंधारात ते पाठीने कसे बघणार.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

पहिली तक्रार बायकोची. साध्या वल्ह्यात मागच्या सीटवर बसलेला माणूस वल्हवणाऱ्याच्या समोर येतो, गप्पा मारता येतात, थर्मासमधला चहा हातात देता येतो. आता ती मागे बसली तर तिला माझी पाठ, आणि पुढे बसवली तर मला तिचं डोकं, मग पुढे बघायच्या वल्ह्याचा उपयोग काय! शिवाय पुढे वजन आलं की नाक खाली जातं आणि बोट जड चालते. "मी काय तुझी पाठ बघायला येऊ का?" हे ऐकल्यावर दोघं जाणार असू तेव्हा जुनीच वल्ही लावतो, खुंट्या काढल्या नव्हत्या ते बरं झालं. तुम्ही घेतलीत तर जुन्या खुंट्या काढू नका.

दुसरी, ढिलेपणा. मूठ ओढायला सुरुवात केली की आधी दात्यांमधली फट भरते, मग पातं पाण्याला लागतं. बारीकसा टक्क आवाज येतो आणि तेवढा क्षण हाताला काहीच लागत नाही. ज्यांना साध्या वल्ह्याची सवय आहे, पातं पाण्यात बसल्याचं थेट बोटांना कळायची सवय, त्यांना हे खटकणारच. मला अजूनही खटकतं, खोटं कशाला बोलू. पूर्वी डोळे मिटून कळायचं की पातं खोल गेलंय की वरवर घासतंय. आता ते बघून कळतं, कारण स्ट्रोकच्या सुरुवातीला पातं समोर असतं. हाताचं काम डोळ्यांकडे गेलं असं म्हणा.

तिसरी, माझ्या सेटमध्ये पातं फिरवून आडवं करता येत नाही. परत नेताना पातं उभंच राहतं, समोरून वारा असला की ते वारा धरतं आणि दोन्ही दंड भरून येतात. दुपारनंतर तलावावर वारा उठतो, तेव्हा मी आता बाहेर पडतच नाही. काही सेटमध्ये ही सोय असते, वाऱ्याच्या ठिकाणी राहत असाल तर तोच बघा, दोन पैसे जास्त गेले तरी.

वजन आहेच. कडेला दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या बसल्यासारखं होतं, बोट गाडीच्या टपावर एकट्याने चढवणं आता होत नाही, आधी वल्ही सोडवा मग बोट चढवा. वेगाचं म्हणाल तर त्याच दमात जुन्या वल्ह्यांनी मी थोडा पुढे जातो, हे घड्याळ लावून बघितलंय, फरक फार नाही पण आहे. दात्यांचं घर्षण, ते उभं पातं, सगळं मिळून.

एक गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. बऱ्याच जणांना यावर सरकती सीट लावायचा मोह होतो, मलाही झाला होता, पाय वापरता येतील म्हणून. नेहमीच्या शर्यतीच्या बोटीत ओढताना पाय बोटीला मागे रेटत असतात, आणि मूठ परत नेताना माणूस मागे सरकतो तेव्हा बोट त्याच्या खालून पुढे निघते, त्यामुळे पाती ओढत नसतात तेव्हाही वेग टिकतो, थोडक्यात दोन्ही धक्के वेगवेगळ्या वेळी येतात. पुढे तोंड केलं की हे उलटं होतं. ओढताना अंग मागे जातं आणि पाय बोटीला पुढे रेटतात, म्हणजे पात्याचा धक्का आणि पायाचा धक्का एकाच वेळी, आणि परत येताना दोन्ही नाहीत, उलट अंग पुढे येताना बोटीला ब्रेक. बोट उसळी मारते, मंदावते, उसळी मारते, आणि पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो म्हणून असं हिसके देत जाणं महागात पडतं. एका ओळखीच्याच्या बोटीत सरकत्या सीटवर बसून पाहिलं, पंधरा मिनिटांत पटलं. फिक्स सीटवर अंग थोडंच हलतं, तिथे हे जाणवत नाही. मी फळीवरच राहिलो.

याच्याशिवाय काय पर्याय होते? टोपीला लावायचा सायकलवाल्यांचा छोटा आरसा, तो आधी बराच वापरला, स्वस्त आणि मोकळ्या तलावात पुरेसा आहे, नदीत नाही, कारण त्यात फांदी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि पाऊस आला की (सिएटल आहे, येणारच) काहीच दिसत नाही. साध्याच वल्ह्यांना पुढे तोंड करून ढकलत जाणं, हे फुकट आहे, धक्क्याजवळ सगळेच करतात, पण ढकलायला छाती आणि दंड लागतात, पाठ नाही, दहा मिनिटांत संपता. पायाने चालवायचे कयाक आहेत, होबीचं ते पंखांचं यंत्र 1997 पासून आहे आणि हात मोकळे राहतात म्हणून मासेमारीवाल्यांना आवडतं, पण तलावाच्या कडेला मिलफॉइल नावाचं पाणगवत माजतं ते खालच्या पंखांत अडकतं, आणि शिवाय मला वल्हवायचंच होतं, सायकल चालवायची नव्हती. फ्रंटरोअर म्हणून एक सेट आहे, त्यात पायांचा जोरही वापरतात, तो हाती लागला नाही म्हणून त्याबद्दल मत नाही.

देखभाल. पिनवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या बुशा (पिनभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजतात, माझ्या पहिल्याच सीझनमध्ये डाव्या बाजूची गेली. बनवणाऱ्याकडे पार्ट मागवला तर आठवडेच्या आठवडे नुसती ईमेल, शेवटी जवळच्या मशीन शॉपवाल्याने जुनी बुश मापून नायलॉनची नवी लेथवर करून दिली, ती मूळच्यापेक्षा चांगली चालते. दात्यांना दाट ग्रीस लावू नका, किनाऱ्यावरची वाळू त्यात बसते आणि मग तीच कानशीसारखी दाते खाते. मी गोड्या पाण्याने धुतो, कोरडं झाल्यावर सिलिकॉनचा हलका स्प्रे, बस. खाऱ्या पाण्यात नेलंत तर त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवशी नाही. आणि दोन्ही पाटे बोटीच्या कडेला ज्या स्क्रूंनी बसतात तिथे आतून लाकडाचा जाड तुकडा द्या, नुसत्या फायबरग्लासवर भरवसा नको, सगळा जोर तिथेच येतो.

मानेचं विचाराल तर फरक आहे, आणि चांगला आहे. आता दुखते ती लॅपटॉपमुळे.

नवा सेट साध्या चांगल्या वल्ह्यांच्या कितीतरी पट महाग पडतो, म्हणून सेकंड हँड बघणाऱ्यांसाठी: विकणाऱ्याला बाहेरचं पातं घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही मूठ पुढे-मागे हलवा. पातं न हलता मूठ बोटभर सरकली तर चालेल, तेवढी नव्यातही सरकते. चार बोटं सरकली तर बुशा आणि दाते दोन्ही गेलेत असं समजा, बुशा शंभर ठिकाणी करून मिळतील पण दाते मिळणार नाहीत, तेव्हा एकतर निम्म्या किमतीत मागा नाहीतर सरळ घरी या.