एनआयसीयूतल्या बाळाचं काढलेलं दूध: ताजं आधी, घड्याळानुसार की दिवसभराचं एकत्र?

एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, असलेल्या कमी दिवसांच्या बाळाची आई दिवसातून ८ ते १० वेळा दूध काढते. फ्रिजमध्ये बाटल्या जमतात आणि प्रश्न येतो: रात्री ३ वाजता काढलेलं दूध सकाळी ९ ला नळीतून दिलं तर चालेल का? चालेल. त्याने बाळाला अपाय होत नाही. पण निवडायला वाव असेल तर क्रम कसा लावायचा, हे विचार करून ठरवण्यासारखं आहे.

आईचं दूध दिवसभर एकसारखं नसतं. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतंच. अंधार पडल्यावर वाढत जाऊन मध्यरात्रीनंतर ते सर्वांत जास्त असतं. जागं ठेवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं उलट, ते सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी. पोटात असताना बाळाला आईचं मेलाटोनिन वारेतून मिळतं. ३० आठवड्यांनी जन्मलेल्या बाळाचा हा पुरवठा १० आठवडे आधीच तुटतो. पूर्ण दिवसांच्या बाळातही स्वतःचं दिवस-रात्रीचं चक्र बसायला २-३ महिने जातात, याला त्याहून उशीर. त्यातून विभागात दिवे रात्रभर चालू असतील, तर दिवस-रात्रीची खूण म्हणून त्याच्यापाशी दुधाखेरीज फारसं काही उरत नाही.

ताजं आधी

बहुतेक विभागांची पद्धत हीच: न गोठवलेलं दूध आधी, त्यातही जे आधी काढलं ते आधी. जिवंत पेशी ताज्या दुधातच टिकतात, गोठवल्यावर मरतात. फ्रिजमधलं दूध ४ दिवसांत संपवायचं असतं. काही विभाग ४८ तासांचीच मर्यादा ठेवतात. या पद्धतीत चुकायला जागा कमी आणि दूध वाया जात नाही. उणीव एकच, रात्रीची बाटली कधी दुपारी पोटात जाते तर सकाळची मध्यरात्री.

पहिल्या दिवसांत मात्र तुलनेचा प्रश्नच नाही. चीक ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने द्यायचा. १ मिलिलिटर निघाला तरी तो थांबवून ठेवायचा नाही.

घड्याळानुसार

हे जमेल का, ते हिशोबावर ठरतं. समजा बाळ १५०० ग्रॅमचं आहे आणि त्याला किलोमागे दिवसाला १६० मिलि दूध लागतं. म्हणजे २४० मिलि. दर ३ तासांनी ३० मिलि, ८ वेळा. त्यांतल्या रात्री ९, १२ आणि ३ च्या फीडला मिळून ९० मिलि रात्रीचं दूध हवं. रात्री ९ ते पहाटे ५ मध्ये आईचं ९० मिलिपेक्षा जास्त दूध निघत असेल, तर जुळणी आरामात होते. दिवसभरात मिळून १५० मिलिच निघत असेल, तर हा विचार सोडून द्यावा. वेळ जुळत नाही म्हणून आईचं दूध बाजूला ठेवून दुसरं काही देणं, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक आहे.

बाटलीवर नाव आणि तारखेबरोबर तासही लिहा: ‘रात्री २:४०’. नुसतं ‘रात्र’ पुरत नाही, कारण बाटलीत मागच्या काही तासांत साठलेलं दूध असतं. रात्री ११ नंतर थेट सकाळी ७ ला पंप लावला, तर त्या बाटलीत रात्र आणि सकाळ दोन्ही आहेत. ती कुठेही वापरा, पण रात्रीची समजू नका. झाकणाला दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या की नर्सला बाटली एका नजरेत ओळखता येते.

रात्री दूध काढताना मोठा दिवा किंवा मोबाईलचा झगझगीत पडदा नको. उजेडाने आईचंच मेलाटोनिन दबतं, मग दुधात कुठून येणार? बाटलीवरचा आकडा वाचता येईल इतका मंद पिवळा दिवा पुरे.

बिनसतं ते बहुधा फोर्टिफायर (दुधाचं पोषण वाढवणारी जोड) मिसळताना. अनेक ठिकाणी ते २४ तासांच्या दुधात एकदमच मिसळतात, तिथे सगळी जुळणी पुसली जाते. दिवस आणि रात्र अशा दोन वेगळ्या तुकड्या करता येतील का, हे आधी विचारा. मिसळलेलं दूध २४ तासांत संपवायचं असतं, हेही लक्षात असू द्या.

दिवसभराचं एकत्र

एका आईचं २४ तासांचं दूध एकत्र केलं की प्रत्येक फीडमध्ये स्निग्धांश आणि उष्मांक जवळपास सारखे पडतात. हा फायदा खरा आहे. स्तन भरलेला असताना निघणारं दूध पातळ, रिकामा होत आल्यावरचं दाट, त्यामुळे सुट्ट्या बाटल्यांत बराच फरक असतो. दुधाची तपासणी करून त्या मापाने फोर्टिफायर घालत असतील तर एकत्र करणंच सोयीचं. तोटे दोन: घड्याळ हरवतं, आणि एक बाटली दूषित असेल तर पूर्ण दिवसाचं दूध बिघडतं.

मग काय निवडावं?

वेळ जुळवल्याने कमी दिवसांची बाळं जास्त झोपतात किंवा झपाट्याने वाढतात, असं ठामपणे दाखवणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. म्हणून आमचा कौल असा: वजन हवं तसं वाढत नसेल तर एकत्र दूध आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फोर्टिफायर, दूध जेमतेम पुरत असेल तर ताजं आधी, दूध पुरून उरत असेल आणि बाळ स्थिर असेल तर घड्याळानुसार, पण ताज्या बाटल्यांतूनच. रात्रीची गोठवलेली बाटली शोधण्यासाठी फ्रिजमधली ताजी मागे ठेवू नये.

तास पहिल्या दिवसापासून लिहा. पद्धत नंतर बदलता येते, न लिहिलेली वेळ मात्र परत सापडत नाही.

द्यायच्या वेळची काळजी तिन्ही पद्धतींत सारखीच. फ्रिजमध्ये साय वर तरंगते, ती बाटली हलक्या हाताने गोल फिरवून मिसळा. दूध कोमट पाण्यात गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नाही. सिरिंज पंपाने नळीतून सावकाश देताना सिरिंजचं तोंड वर ठेवा, नाहीतर स्निग्धांश सिरिंजमध्येच राहून बाळाला पातळ दूध मिळतं. फ्रिजमध्ये वितळवलेलं दूध २४ तासांत वापरा आणि पुन्हा गोठवू नका. घरी गेल्यावर बाळ थेट अंगावर पिऊ लागलं की त्या फीडची वेळ आपोआप जुळते, आणि उरलेल्या रात्रीच्या बाटल्या रात्रीच्याच फीडला वितळवता येतात.