शिणाणे तपासायला दिले त्या लॅबबद्दल (5 पैकी 3.5)

आमचा बायकांचा बचत गट मालवणकडे खाडीत तराफ्यावर शिणाणे (हिरव्या शिंपल्यातला खाण्याचा जीव, इंग्रजीत मसल) वाढवतो. यंदा हॉटेलवाल्याने स्पष्ट सांगितलं, मेटलचा रिपोर्ट असेल तरच माल घेणार, म्हणून इथे शिसं, कॅडमियम आणि पारा बघून घेतला.

सॅम्पलचं काम एक नंबर. तिथल्या मॅडमनी फोनवरच सांगितलं की ताई, सगळे शिणाणे एकाच मापाचे आणा, लहानमोठे मिसळले तर पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघता येत नाही, आणि आधी एक दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा म्हणजे पोटातला गाळ निघून जाईल, नायतर गाळातलं मेटलपण त्यातच धरलं जातं. लॅबमध्ये माझ्यासमोर शिणाण्याचे दोऱ्यासारखे केस काढून प्लास्टिकच्या सुरीने शिंपला उघडला, स्टीलचं मेटल लागू नये म्हणून!

मी विचारलं, नुसतं पाणीच का नाही तपासत? तर म्हणाल्या, बाटलीतलं पाणी त्या घडीपुरतं सांगतं, ओहोटी लागली की बदललं. शिणाणं एका जागी चिकटून दिवसभर पाणी गाळत बसतं आणि मेटल अंगात साठवतं, त्यामुळे कित्येक आठवड्यांचं कळतं. अमेरिकेत 1986 पासून सरकार किनारपट्टीवर शिणाणे-कालवं तपासून हेच बघतंय. त्याच वर्षी तैवानमध्ये तांब्यामुळे कालवं चक्क हिरवी झाली होती, हे ऐकून तर काटाच आला.

आता तक्रार. रिपोर्टमध्ये कॅडमियम मर्यादेच्या वर! शिणाण्यांसाठी कोडेक्सची (खाण्याच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय नियम) मर्यादा किलोला 2 मिलिग्रॅम आहे. दोन रात्री आमच्यातल्या कुणाला झोप नाही, वर्षभराची मेहनत होती ती. चौथ्या फोनला कळलं की आकडा सुक्या वजनावर दिलाय आणि मर्यादा असते ओल्या मांसावर. मांसात साधारण 80 टक्के पाणी, म्हणजे आकडा पाचपट फुगलेला, आणि रिपोर्टवर याबद्दल एक अक्षर नाही. दुरुस्त रिपोर्ट दिला, सगळं मर्यादेत आहे, पण असं व्हायलाच नको होतं. ज्यांना हे कोणी सांगितलं नाही ते माल फेकून देतील हो.

पैसे भरायच्या आधीच वजन ओलं की सुकं ते लेखी मागून घ्या. आणि बायांनो, रात्रभर पाण्यात ठेवलं की रेती जाते, मेटल नाही जात, उकळूनसुद्धा नाही, म्हणून तपासणी टाळू नका. पावसाळ्यानंतरचं सॅम्पल मी इथेच देणार, त्या मॅडमसाठी.