जज सुटी झाली आणि इंजिन गेलं

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुनी मसल कार (ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) घेऊन ती रिस्टोरेशनला, म्हणजे पुन्हा मूळ रूपात आणायला, देणार असेल, तर आधी हे वाचा. फसवणूक गाडी विकत घेताना होते, असं सगळे सांगतात. आमची झाली ती त्यानंतर, गाडी सुटी होऊन पडलेली असताना.

गाडी होती १९६९ ची पॉन्टियाक जीटीओ, त्यातही ‘जज’, म्हणजे जीटीओचं खास पॅकेज असलेली. त्या वर्षी हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल मिळून ६,८३३ जज निघाल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने या गाड्या खालून खाल्ल्या. आमचीही खाल्लेली होती. डिकीचा पत्रा हाताने तुटत होता, ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती, मूळचा कॅरौसेल रेड रंग कुणीतरी काळ्याखाली गाडला होता. पण इंजिन मूळचं होतं. ४०० क्युबिक इंचांचं, रॅम एअर थ्री नावाचं जास्त ताकदीचं इंजिन, ३६६ हॉर्सपॉवर, फोर-स्पीड मॅन्युअल. अशा गाडीची किंमत तिथेच असते. पत्रा नवा मिळतो, सीट नवी मिळते. त्याच गाडीबरोबर कारखान्यातून निघालेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, एकदा गेला की गेला.

घेताना कागदपत्रं नीट पाहिली होती. जीटीओचा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) २४२ ने सुरू होतो, त्यामुळे ती पॉन्टियाकचीच साधी लेमान्स नाही हे कळतं. पण ती जज आहे की नाही, हे व्हिन सांगत नाही. त्यासाठी जुन्या पॉन्टियाकच्या नोंदी ठेवणाऱ्या पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवावी लागते. ती मागवली, त्यावर जजचं पॅकेज होतं आणि बिल मार्च १९६९ चं होतं. ब्लॉकवर समोर ‘डब्ल्यूएस’ हा मॅन्युअल रॅम एअर थ्रीचा कोड होता आणि व्हिनशी जुळणारा नंबर होता. सगळ्याचे फोटो काढून ठेवले.

गॅरेज ओळखीतून मिळालं. मालक बोलायला गोड, भिंतीवर ट्रॉफ्या. लेखी एस्टिमेट दिलं, पहिला हप्ता घेतला, गाडी उघडली. मग दर महिन्याला बिल आणि सोबत फोटो. बॉडी ब्लास्ट झाली (वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने गंज-रंग काढला), नवा फ्लोअर बसला, प्रायमर लागला. बिलं वाढत गेली. कारण एकच, गंज वाटला त्यापेक्षा जास्त निघाला. गंजलेल्या गाडीत हे खरंही असतं, म्हणूनच ते कारण इतकं सहज खपतं.

पहिली शंका एका फोटोने आली. फोर-स्पीड गाडीच्या फ्लोअरला गिअरच्या जागी मधल्या बोगद्यावर वेगळा उंचवटा जोडलेला असतो. ‘तुमचा नवा फ्लोअर’ म्हणून आलेल्या फोटोत तो उंचवटाच नव्हता. तो फोटो दुसऱ्याच गाडीचा होता. विचारल्यावर उत्तर आलं, पोराने चुकून पाठवला. गाडी बघायला येतो म्हटलं की ती नेमकी पेंट बूथमध्ये असायची आणि इंजिन बाहेर मशीन शॉपला गेलेलं असायचं. कुठलं मशीन शॉप, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अखेर ट्रेलर घेऊन गेलो आणि अर्धवट गाडी, खोकी, इंजिन सगळं उचलून आणलं. डिकीत सीम सीलरच्या (सांधे बुजवायच्या लुकणाच्या) जाड थराखाली रिव्हेट मारलेला पत्रा निघाला. वेल्डिंगचे पैसे दिलेले होते. इंजिन मात्र सुरेख दिसत होतं. पॉन्टियाकचा निळा रंग, समोर डब्ल्यूएस, आमचाच नंबर.

ते बघायला आमच्या ओळखीचे एक काका आले. मूळचे कोल्हापूरचे, आयुष्य फाउंड्रीत गेलेलं. त्यांनी समोरच्या नंबराकडे पाहिलंही नाही. टॉर्च घेऊन मागे डिस्ट्रिब्युटरपाशी वाकले आणि ब्रशने रंग खरवडला. तिथे उठावाची अक्षरं होती: ई१२९. पहिलं अक्षर महिन्याचं, मग तारीख, शेवटी वर्ष. १२ मे १९६९. मार्चमध्ये बिल झालेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक!

काका म्हणाले, “समोरचा नंबर ठोकल्याला हाय, तो घासून दुसरा ठोकता येतोय. ही तारीख साच्यातनं आलीया. हिला कसं फसवणार?” मग त्यांनी समोरचा पॅड, म्हणजे नंबर ठोकायची सपाट जागा, दाखवला. ग्राइंडरच्या बारीक गोल रेषा रंगाखालूनही दिसत होत्या आणि आकड्यांच्या कडा पन्नास वर्षांच्या लोखंडाला न शोभणाऱ्या, ताज्या. आमच्या जुन्या फोटोत ब्लॉकवरची ओतलेली तारीख फेब्रुवारीची आहे. पॉन्टियाकचे व्ही-एट बाहेरून जवळपास सारखेच दिसतात, ३५० असो की ४५५. कुठलाही ब्लॉक निळा रंगवून द्यायचा, बहुतेकांना कळणारही नाही.

तेव्हा गाडी तुमच्या दारातून हलण्याआधी ब्लॉकवर ओतलेली तारीख, समोरचा नंबर, सिलिंडर हेडचे आकडे, गिअरबॉक्सचा नंबर, सगळ्याचे जवळून फोटो काढा आणि गॅरेजवाल्याची सही असलेल्या यादीत हे आकडे लिहून घ्या. समोरच्या नंबराचा फोटो एकटा पुरत नाही. इंजिन बाहेर जाणार असेल तर कुठे, हे लेखी घ्या. जमलं तर तुम्हीच नेऊन द्या. मिशिगनमध्ये दुरुस्तीच्या गॅरेजला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (गाड्यांची नोंदणी बघणारं राज्याचं कार्यालय) नोंदणी लागते. ती आधी तपासा. काढलेले जुने भाग परत हवेत, हे काम सुरू होण्याआधीच सांगा. पुढचा हप्ता फोटो बघून देऊ नका, गाडीजवळ उभं राहून द्या.

सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे, वकिलाची नोटीसही गेली आहे. मूळ ब्लॉकचा पत्ता लागलेला नाही. तो कुणाच्या तरी खोट्या जजमध्ये बसला असेल, नाहीतर नंबर घासून सुटा विकायला ठेवला असेल. तुमच्यापैकी कुणाला फेब्रुवारी १९६९ चा, म्हणजे ‘बी’ने सुरू होऊन ९ वर संपणाऱ्या तारखेचा, डब्ल्यूएस ब्लॉक कुणी दाखवला, तर तो कुठल्या गाडीतून निघाला हे विचारा आणि समोरच्या पॅडवर टॉर्च तिरका धरून बघा.