माचाची तीन पाकिटं आणि यंदाची दिवाळी: फराळाला कुठली पावडर चालली, कुठली नाही

यंदा चिवडा-चकली-लाडू आहेतच पण त्यासोबत दोन-तीन गोड पदार्थ माचाचे (म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पानांची बारीक पूड) करायचे असं मी गणपतीतच ठरवून टाकलं होतं, कारण गणपतीत साच्यातले व्हाइट चॉकलेट-माचा मोदक केले होते आणि ते आरतीच्या आधीच अर्धे संपले होते. मी डोंबिवलीला राहते, ऑर्डर वगैरे घेत नाही, घरात २८ लिटरचा ओटीजी आहे आणि रविवारी बेकिंग करणं हा माझा सगळ्यात आवडता वेळ. तर दिवाळीसाठी माझ्याकडे तीन वेगवेगळे माचा जमले होते, तिन्ही नीट वापरून बघितलेत, आणि आता दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं की कुठला घेऊ, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला, ऑनलाइन मागवलेला, ५० ग्रॅम ८५० रुपये, पाकिटावर "कलिनरी" (म्हणजे स्वयंपाकासाठीचा) लिहिलेलं, जपानमधल्या कागोशिमाचा, आणि मागच्या बाजूला पॅकिंगची तारीख अगदी स्पष्ट. दुसरा पण ऑनलाइनच, ३० ग्रॅम १,४५० रुपये, काळा सुंदर डबा, वर सोनेरी अक्षरात "सेरेमोनिअल ग्रेड", म्हणजे चहाच्या समारंभात पिण्याच्या दर्जाचा. तिसरा माझ्या आतेबहिणीने आणला, ती टोकियोत निशी-कासाईला राहते, तिने क्योटोजवळच्या उजीच्या एका जुन्या दुकानातून ४० ग्रॅमचा डबा आणला आणि सोबत सांगितलं की ताई हा एकच मिळाला, माणशी मर्यादा आहे. २०२४ च्या शेवटापासून तिकडे माचाची एवढी मागणी वाढलीये की नावाजलेल्या दुकानांनी किती डबे द्यायचे यावर बंधन घातलं. नावं लिहीत नाहीये कारण बॅच बदलली की माल बदलतो, नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

तिन्ही डबे उघडल्यावर सगळ्यात आधी मी पांढऱ्या कागदावर चिमूट चिमूट घेऊन बोटाने ओढून बघितलं. उजीवाला एकदम कोवळा हिरवा, दुर्वांची जुडी असते ना तसा. कागोशिमावाला थोडा गडद पण ताजा. आणि १,४५० वाला... मेंदीची पुडी. खरंच, तोच पिवळट-खाकी हिरवा, आणि वास सुकलेल्या चाऱ्याचा. मी दोन वेळा डबा तपासला की आपण चुकीचा तर नाही ना उघडला. मग चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली तर घटकांमध्ये नुसतं "ग्रीन टी पावडर", गाव नाही, कापणीचं साल नाही, काहीच नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवले, उत्तर आलं की खाण्याची वस्तू उघडल्यावर परत घेत नाही. मला पैशापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की कोणी पहिल्यांदा माचा घेणारी हा डबा घेईल, खीर करेल, कडवट मातकट लागेल आणि म्हणेल माचा असाच असतो. तसा नसतो हो.

सेरेमोनिअल या शब्दाला कुठलाही सरकारी दर्जा नाही, जपानमध्येसुद्धा नाही, कोणीही छापू शकतं. खरा माचा म्हणजे चहाची झुडपं कापणीआधी तीनेक आठवडे तरी झाकून सावलीत ठेवतात, त्याने पानात हिरवं द्रव्य वाढतं आणि तुरटपणा कमी होतो, मग पानं वाफवून, सुकवून, देठ-शिरा काढून उरलेला भाग दगडी जात्यावर दळतात, आणि ते जातं तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पीठ देतं. माझ्या आजीकडे जातं होतं त्यामुळे मला हे वाचलं तेव्हा लगेच पटलं, जोरात फिरवलं की पीठ गरम होतं आणि वास जातो, म्हणून हळू. साधा ग्रीन टी उन्हात वाढलेला, मशीनवर भरडलेला, तो हा नाही.

आता पदार्थ.

नानकटाईने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्या घाण्यात मी नेहमीसारखं बेसन घातलं आणि ती चूक झाली, बेसनाचा पिवळा रंग आणि भाजका वास दोन्ही माचाला गिळून टाकतात. दुसऱ्यांदा बेसन काढलं: मैदा १२५ ग्रॅम, बारीक रवा २५, साजूक तूप १००, पिठीसाखर ८५, माचा ७ ग्रॅम, वीस नग. इथे उजीवाला वापरू नका प्लीज, मी एक ट्रे केला आणि जीव हळहळला, ओव्हनमध्ये त्याची नाजूक चव उडून जाते आणि कागोशिमावाल्यात आणि त्याच्यात खाणाऱ्याला काही फरक कळत नाही. उलट कागोशिमावाला जरा तगडा असल्यामुळे तुपासमोर टिकतो. रंगाचं म्हणाल तर हिरवेपणा क्लोरोफिलचा, म्हणजे पानातल्या हिरव्या द्रव्याचा असतो, उष्णता आणि आंबटपणा दोन्ही त्याचे वैरी, त्यातलं मॅग्नेशियम निघून गेलं की रंग शेवाळी-तपकिरी होतो, पालक जास्त शिजला की होतो ना अगदी तसं. म्हणून १५० डिग्रीवर ठेवलं, दहा मिनिटांनी वर फॉइल सैल टाकली आणि एकूण वीस मिनिटं, वरून छान हिरवी राहिली, खालून थोडी तपकिरी झालीच. सोडा जास्त घातला तर रंग हिरवागार राहतो हे खरं आहे पण मग साबणासारखी चव येते, त्या मोहात पडू नका, मी पाव चमचा बेकिंग पावडरवर भागवलं.

मेंदीवाल्या डब्याची पण सहा नग करून बघितली, अन्याय नको म्हणून. भाजल्यावर सरळ मातीचा रंग. तो डबा बेकिंगसाठी बाद.

बर्फी मात्र... ही माझी या दिवाळीची सगळ्यात लाडकी गोष्ट. खवा ३०० ग्रॅम, साखर ९०, नेहमीपेक्षा कमी परतायचं कारण खव्याला लाली आली की हिरवा रंग मळतो, गोळा कढई सोडायला लागला की गॅस बंद, आणि मग थांबायचं, हात लावता येईल इतकं कोमट होईपर्यंत. तोवर ६ ग्रॅम माचा चहाच्या गाळणीतून चाळून दोन चमचे कोमट दुधात कालवून ठेवायचा, गुठळी एकसुद्धा राहता कामा नये, कारण ती दाताखाली आली की औषधाची पूड खाल्ल्यासारखं होतं. मग ते खव्यात मळायचं. दूध आणि तूप माचाचा कडूपणा असा काही अलगद धरतात की जिभेला आधी खव्याचा गोडवा, मग मागून कोवळ्या मेथीसारखा हलका कडवटपणा, आणि शेवटी काहीतरी रसाळ चव जी मला शब्दात नीट सांगता येत नाही, जपानी लोक तिला उमामी म्हणतात. सासूबाई मिठाईचा एक तुकडा खाऊन पुरे म्हणणाऱ्या आहेत, त्यांनी तिसरा उचलला आणि म्हणाल्या, "अगं ही गोड मिठ्ठ नाही लागत." तेच तर आहे! तिकडे चहाच्या समारंभात आधी गोड खातात आणि मग हा चहा पितात, गोडाला कडूची जोड त्यांनी शेकडो वर्षं सांभाळलीये, आपल्या बर्फीत ती जोड एकाच घासात मिळते. वरून पिस्ते लावू नका, चव झाकतात, मी पांढरे तीळ भाजून लावले, ते फार छान जमतात.

बर्फी दोन्हीची करून बघितली. कागोशिमाची उत्तम, उजीची अतिउत्तम, आणि इथे फरक कळतो कारण माचाला आच लागतच नाही. तरी रोजच्यासाठी ८५० वाला पुरे.

श्रीखंडाबद्दल आईशी माझं जवळजवळ भांडण झालं. चक्का अर्धा किलो, साखर ३७५ ग्रॅम, माचा ८ ग्रॅम, आणि मी म्हटलं वेलची नाही, जायफळ नाही, केशर तर नाहीच. आई म्हणाली, "जायफळाशिवाय श्रीखंड म्हणजे नुसतं गोड दही, तू पाहुण्यांना काय वाढणार?" मी दोन वाट्या वेगळ्या केल्या, एकीत जायफळ, एकीत चिमूटभर मीठ. जायफळवालीत माचा कुठे गेला तेच कळेना. मीठवाली तिने चमचा चमचा करत संपवली, बोलली काही नाही, पण संपवली. एक टीप: माचा आधी पिठीसाखरेत मिसळून दोनदा चाळा आणि मग चक्क्यात घाला, थेट घातला तर पुरणयंत्रातून काढूनही ठिपके राहतात. आणि त्याच दिवशी खा, चक्क्याच्या आंबटपणाने दुसऱ्या दिवशी रंग थोडा उतरतो, चव बरी असते. श्रीखंडाला मी उजीवाला वापरला आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

उकडीचे मोदक पण गणपतीत केले होते, ते जमले नाहीत. उकड काढताना उकळत्या पाण्यात माचा गेला की रंग मेला, आणि सारणातला गूळ कोणाला वर येऊ देत नाही. उकडीचे मोदक आहेत तसेच राहू द्यावेत.

लहान मुलं असतील तर एवढं ध्यानात ठेवा की यात चहाचं अख्खं पान पोटात जातं, एका ग्रॅममध्ये साधारण २० ते ४० मिलीग्रॅम कॅफीन असतं. एका नानकटाईत माचा अर्धा ग्रॅमपण नाही, त्यामुळे एक-दोन खाल्ल्याने काही होत नाही, पण श्रीखंडाची मोठी वाटी रात्री नऊ वाजता भाच्याला दिली होती आणि तो साडेअकरापर्यंत किल्ल्यावर मावळे लावत बसला होता. आता दुपारीच देते.

तर घ्यायचा कुठला. गावाचं नाव असलेला (उजी, निशिओ, यामे, कागोशिमा यातलं काहीतरी), पॅकिंगची किंवा कापणीची तारीख छापलेला, ३० ते ५० ग्रॅमचाच, कारण मोठं पाकीट स्वस्त पडतं पण आपल्या हवेत उघडल्यावर महिना-दीड महिन्यात त्याचा रंग उतरतो. दुकानात घेत असाल तर डबा उन्हात काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला नसावा. घरी हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका, अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं आणि सगळं गोळा होतं, माझं गेल्या वर्षीचं एक पाकीट असंच गेलं. माचा फेटायचा बांबूचा ब्रश घ्यायची काही गरज नाही आपल्याला, चहाची गाळणी आणि काटा-चमचा बास.

कागोशिमावाल्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण पाकिटाची झिप दुसऱ्याच दिवशी सैल झाली. उजीवाल्याला पाच, पण तो मिळणं आपल्या हातात नाही. काळ्या डब्याला एक, तो पण डबा सुंदर आहे आणि मी त्यात आता वेलदोडे ठेवलेत म्हणून.

उजीच्या डब्यात अजून नऊ-दहा ग्रॅम शिल्लक आहे. आतेबहीण नाताळच्या सुट्टीत येतेय, तिने स्वतः आणलेल्या माचाची बर्फी अजून खाल्लेली नाही, तेवढा तिच्यासाठी राखून ठेवलाय.