सिनेमावरून आलेली विज्ञान कादंबरी: क्लार्क घ्यावा की असिमॉव्ह?

कोल्हापुरात सिनेमावर बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. १९२९ साली प्रभात कंपनी इथंच उभी राहिली. पण ‘सिनेमावरून लिहिलेली कादंबरी’ म्हटलं की याच गावातली वाचणारी मंडळी नाक मुरडतात. विज्ञानकथेपुरतं तरी मला ते पटत नाही. कॅमेरा दाखवून मोकळा होतो. का आणि कसं हे राहून जातं, आणि विज्ञानकथेचा जीव तर त्यातच असतो. याच गावात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या कथा ज्यांनी वाचल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर दोन पुस्तकं समोर आहेत आणि सुरुवात एकानं करायची आहे, असं धरू.

आर्थर क्लार्कची ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ क्लार्क आणि दिग्दर्शक क्युब्रिक यांनी पटकथेसोबतच घडवली. १९६८ साली आधी सिनेमा आला, मग काही महिन्यांतच पुस्तक. सिनेमात पहिली पंचवीसेक मिनिटं एकही संवाद नाही आणि शेवट प्रेक्षकावर सोडलेला. यानावरचा हॅल हा संगणक माणसांच्या जिवावर का उठतो, याचाही तिथं अंदाजच बांधावा लागतो. क्लार्क ते सरळ सांगतो: माहिती जशीच्या तशी द्यायची ही हॅलची घडण, आणि मोहिमेचा खरा हेतू सोबतच्या अंतराळवीरांपासून लपवायचा हा हुकूम. या कात्रीत तो बिघडतो. हे वाचल्यावर मला त्याची भीती कमी आणि कीव जास्त वाटली. मात्र ज्यांना सिनेमातलं गूढ गूढच हवंय, त्यांनी या पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये.

आयझॅक असिमॉव्हची ‘फँटास्टिक व्हॉयेज’ (१९६६) ही पटकथा हातात घेऊन लिहिलेली. पुस्तक सिनेमाच्या आधी बाजारात आलं, म्हणून सिनेमाच त्यावरून निघाला असा पुष्कळांचा समज झाला. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत गुठळी झालेली असते. ती काढायला पाणबुडी माणसांसकट सूक्ष्म करून त्याच्या रक्तात सोडतात. मुदत साठ मिनिटं. सिनेमात एक पांढरी पेशी पाणबुडी गिळते, माणसं डोळ्यातल्या अश्रूवाटे बाहेर येतात आणि पाणबुडी आतच राहते! मुदत संपली की ती मूळ आकाराला येणार, मग त्या माणसाचं काय? असिमॉव्हला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्याच्या पुस्तकात ती पेशी डिवचून डोळ्यापर्यंत मागे ओढत आणतात, म्हणजे गिळलेले अवशेषही बाहेर पडतात. इतकं चोख काम मला फार आवडतं. पात्रं मात्र पातळ आहेत, आणि चमूतल्या एकुलत्या एक बाईशी बाकीचे जसं बोलतात ते आज खटकतं.

इंग्रजी वाचनाची सवय नुकती लागत असेल, किंवा घरात बारावीला जीवशास्त्र घेतलेलं कुणी असेल, तर असिमॉव्ह घ्या. वाक्यं सोपी, वेग चांगला, सिनेमा पाहिला नसला तरी काही अडत नाही. ‘२००१’ पाहून शेवटाशी अडकला असाल तर दुसरा विचार न करता क्लार्क. माझं स्वतःचं माप क्लार्ककडेच झुकतं.

क्लार्क वाचताना एक ध्यानात असू द्या: सिनेमात यान गुरूकडे जातं, कादंबरीत शनीकडे. १९८२ साली आलेला पुढचा भाग, ‘२०१०’, मात्र सिनेमातल्या गुरूपासून सुरू होतो. तो लगेच हातात घेणार असाल तर मधे एकदा सिनेमा पाहून घ्या.